इको केली, ती खाली उभी शे

…आणि त्या इकोचं तर नावच काढू नका माझ्यासमोर! नाही, चहा घ्या तुम्ही, तुमच्यावर नाही रागावलो. तुम्ही आमच्या लेकीच्या, सीमाच्या सासरची माणसं, पुण्याहून इतक्या लांब कोरीटला माझ्या मायला बघायला आलात, तुमच्यावर कोण रागावेल? पण टेकल्या टेकल्या तुम्ही विचारलंत ना, "काय हेमकांतराव, इकोत काय निघालं?" तिथं माझं डोकं सणकलं. इकोत काय निघालं! इकोत उखा काका निघाला!

तुम्हाला सांगतो, सुरुवातच तिथून झाली. तुम्हीच सांगा, कोणी म्हटलं 'उद्या इको करून या', तर तुम्ही काय कराल? दवाखान्यात जाल. बरोबर, तुम्ही पुण्याचे. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात इको करणं म्हणजे काय? गाडी करणं! जीप करतात, टेम्पो करतात, तशी इको करतात! ती पांढरी डबडी गाडी, सात जणांची, जिच्यात आम्ही अकरा बसतो, तीच! खापरच्या बाजाराला जायचंय, इको करा. म्हसावदला साखरपुडा आहे, दोन इको करा. आणि नंदुरबारचा डॉक्टर, जन्म इथंच गेलेला माणूस, मायच्या छातीला नळी लावून म्हणतो, "हृदयाचं दिसतंय. उद्या सकाळी इको करून या." आणि सांगतो कोणाला? मी खाली औषधं घेत होतो, तर सांगतो उखा काकाला! उखा काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. कामाचा माणूस. काम सांगितलं की विचार करत बसत नाही… विचारच करत नाही.

सकाळी बघतो तर दारात इको. आत काका, काकी, काकीची बहीण, तिला दातांचं दाखवायचं होतं, दोन शेजारी, त्यांना असंच यायचं होतं, आणि पुढच्या सीटवर खिडकीला माझी माय, तापीबाई, धापा टाकतेय. गेलो. डॉक्टर म्हणाला, "इको केली का?"

काका म्हणे, "केली."

"कुठंय?"

"खाली उभी शे."

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागला. "नाही, म्हणजे… कशी आहे?"

"नवीच शे साहेब. सीएनजी."

"अहो, रिपोर्ट कुठंय, रिपोर्ट?"

"कागदं बठ्ठा डायवरजोडे शेत," काका म्हणे, "इन्शुरन बी चालू शे!"

हसा, हसा! मीही आता हसतो. तेव्हा हसलो नव्हतो. कारण तेव्हा माझ्या मायला खाटेवर आडवं पडता येत नव्हतं. पडली की पाण्यात बुडाल्यासारखी घाबरी होऊन उठायची. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. पाय असे सुजलेले, बोट दाबलं की खड्डा. न्हाणीघरापासून चुलीपर्यंत आली की दाराची चौकट धरून उभी. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? तिची हाक बंद झाली.

आता तुम्हाला वाटेल, हाक बंद झाली म्हणजे काय मोठं? तुम्ही माझ्या मायची हाक ऐकलेली नाही. घराच्या धाब्यावर, म्हणजे तुमच्या गच्चीवर, उभी राहून "हेमकाऽऽन्त!" केलं ना, की केळीच्या बागेत मी दचकायचो, शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करायच्या, आणि गावात दुसरा एक हेमकांत आहे, तो बिचारा उगाच घरी जायचा. पन्नाशीला आलो मी, पण जेवायला मला मोबाईल कधी लागला नाही. ती हाक गेली. त्याच्या जागी काय आलं? मिस कॉल! माझी माय मला मिस कॉल द्यायला लागली! मला दुसरं काही नको होतं, मला ती हाक परत पाहिजे होती. बस. म्हणून तर ही सगळी वणवण.

आणि हाकेचं आमच्या घरी आणखी एक आहे. माय पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या! तिचं माहेर तापीच्या अगदी काठावर, तिथली ही रीत. म्हणे नदीतूनही कोणी कोणी हाक मारतं, पण ते दोनदाच मारतं, तिसऱ्यांदा मारतो तो आपला माणूस. लहानपणी ठीक होतं हो! पण ही बाई सासरी आली, आजी झाली, तरी तेच. मी उंबऱ्यात उभा राहून "माय, माय" करतोय, समोर बसलीय, शेंगा फोडतेय, मला बघतेय, पण ओ नाही. तिसऱ्यांदा "माऽय!" की मग, "काय रे, कसाले वरडस?" आणि आम्हालाही तीच सवय लावली. माझी कामिनी लग्न होऊन आली, तिला वाटलं हे घर बहिऱ्यांचं आहे!

तर खरी इको केली. म्हणजे छातीवर गार चीक लावून ती दांडी फिरवतात आणि पडद्यावर हृदय दिसतं, ती. नंदुरबारला केली. डॉक्टर म्हणाला, "हृदय मोठं झालंय. पंपिंग अठ्ठावीस टक्के." माय म्हणाली, "अठ्ठावीस? शंभरमाईन?" हो. "मंग नापास शे मी!" मी म्हटलं, डॉक्टर, आता? तर म्हणे, गोळ्या चालू करू, पण ईसीजीत डाव्या बाजूची तार बंद दिसतेय, तीन वायरींचा पेसमेकर बसवावा लागेल कदाचित, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, बसवला तर बरं वाटेल ना? तो म्हणाला…

सांगता येत नाही!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते वाक्य साधं वाटलं, तुम्हाला सांगतो. मला काय माहीत पुढं मला हेच जेवायला वाढणार आहेत!

गोळ्या गिळल्या, पथ्य केलं, लोणचं बंद, पापड बंद. खान्देशातल्या म्हातारीचा पापड बंद करणं म्हणजे काय असतं ते कामिनीला विचारा, घरात बोलणंचालणं बंद. तरी धाप तशीच. मग धुळ्याला गेलो. तिथं पुन्हा इको. तिथला डॉक्टर म्हणतो, "अडतीस." मी म्हटलं, वाढलं! आनंदानं मी टेबलावर हात आपटला. तर तो म्हणतो, "मग तो पेसमेकर नाही बसवता येणार. त्याला पस्तीस किंवा त्याखाली लागतं."

थांबा, थांबा, परत ऐका. पस्तीसच्या खाली! आपण आयुष्यभर काय शिकलो? पस्तीसला पास. मी स्वतः गणितात छत्तीसवर निघालेला माणूस, पेढे वाटलेत माझ्या बापाने! आणि इथं जगातली ही एकच परीक्षा अशी, की नापास व्हा, तरच प्रवेश! आणि माझी माय पास झाली म्हणून मी तोंड पाडून बाहेर येतोय! जिन्यात एक जण म्हणाला, "काय झालं हो?" मी म्हटलं, "माय अडतीस टक्क्यांनी पास झाली." तो म्हणाला, "मग?" मग काय सांगू त्याला?

आणि काका! काकाचं डोकं कसं चालतं बघा. "हेमकांत, आठे नंदुरबारले अठ्ठावीस, धुळाले अडतीस. म्हंजे धुळानं हवापानी भाबीले मानवस. तठेच ठेवूत ना तिले!" मी म्हटलं, काका, तू इकोत जाऊन बस. गाडीच्या!

शेवटी सुरत. आमच्याकडून सुरत जवळ, सगळा जिल्हा तिकडंच जातो. मोठा दवाखाना, काचेचे दरवाजे, आणि काउंटरवर एक पोरगी नाव पुकारते. "तापीबेन!… तापीबेन!…" माय बसलीय शांत. मी इकडं ईसीजीच्या खोलीपुढं रांगेत, कामिनी पाणी आणायला. पोरगी पुढचं नाव घेऊन मोकळी! नंबर गेला. परत आलो, परत बसलो, मी लघवीला गेलो तेवढ्यात परत "तापीबेन, तापीबेन," परत नंबर गेला! मी मायला म्हटलं, "माय, ओ दे ना! कोण नदी बसलीय का काउंटरवर?" तर म्हणते कशी, "दोनच येळा हाक मारी तिनी. तिसरी येळा मारती ते उठती मी. तिलेच घाई शे." शेवटी त्या पोरीच्या हातापाया पडलो, "बेन, त्रण वखत बोलो ने!" ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं काही हृदयाचं नाही, डोक्याचं दाखवायला आलोय.

मोठा डॉक्टर मात्र माणूस चांगला. खरंच चांगला. त्यानं तिसऱ्यांदा इको करवली. सव्वीस! तुम्हाला सांगतो, माझी माय नापास झाली आणि मी देवाला हात जोडले. मग त्यानं समजावलं, हिंदीत, गुजरातीत, थोडं मराठीत. म्हणे हृदयाच्या दोन भिंती असतात, त्यांनी एकदम आवळायला पाहिजे. तुमच्या आईची एक भिंत आधी आवळते, दुसरी मागून येते, तोवर पहिलीनं सोडून दिलेलं असतं. म्हणून रक्त पुढं जायच्या ऐवजी आतल्या आत ढवळतं. मला एकदम कळलं! म्हटलं, "साहेब, मी आणि कामिनी खाट उचलतो, तसं!" मी माझी बाजू उचलतो, तोवर तिचं पदर खोचणं चाललेलं, ती उचलते तोवर माझे हात भरून आलेले, आणि खाटेवर ठेवलेले गहू सगळे जमिनीवर! डॉक्टर खूष. म्हणे, "बस, एज! हे मशीन काय करतं? 'हां, उचला!' म्हणतं. दोघांना एकदम." वा! मी म्हटलं, मग बसवा! तिच्या दोन भिंती एकदम उचलतील ना?

तो खुर्चीत मागं टेकला, चष्मा काढला, पुसला. "जुओ हेमकांतभाई… कहेवाय नहीं."

कहेवाय नहीं! म्हणजे? सांगता येत नाही! गुजरातीत! अहो, राज्य बदललं, भाषा बदलली, वाक्य तेच!

"तिघांतल्या दोघांना फरक पडतो," तो म्हणाला, "एकाला पडत नाही." आणि आम्हाला विचार करायला बाहेर बाकावर बसवलं. आता त्या बाकावर किती माणसं होती? तीन! एका टोकाला अंकलेश्वरचे कोणी शेठ, दुसऱ्या टोकाला खापरकडची एक बाई, मध्ये माझी माय. तिघांनाही हेच मशीन सांगितलेलं! मी शेठच्या मुलाकडं बघतोय, शेठचा मुलगा माझ्याकडं बघतोय, खापरच्या बाईचा नवरा दोघांकडं बघतोय. तिघांच्याही मनात हिशोब चाललाय… दोघांना लागू पडणार, एकाला नाही. शेठ खोकला, की आम्हा दोघांना जरा बरं वाटायचं. माय खोकली, की ते दोघं सावरून बसायचे. माणुसकीच संपली होती त्या बाकावर! आणि माय काय करते? आपल्या पिशवीतल्या शेंगा काढून दोघांना देते. "खा भाऊ, घरन्या शेत."

मी परत आत. म्हटलं, साहेब, आधीच कळायचा काही तरी मार्ग असेल ना? आमच्या भागात असं नसतं हो! बियाण्याचा दुकानदार काय म्हणतो? "दादा, उगवलं नाही तर माझं नाव बदला." पंपवाला छातीवर हात ठेवून गॅरंटी देतो. मुलगी बघायला गेलात तर मध्यस्थ सात जन्मांची देतो! आणि तुम्ही इतके शिकलेले, भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं, तुम्हाला एक 'हो' म्हणता येत नाही? तर तो म्हणे, एक करू. परत इको करू!

मला घेरीच यायची बाकी होती. चौथी! म्हणे ही वेगळी, बारकाईची, कोणती भिंत किती मागं पडते ते मोजायची. त्यावरून अंदाज बांधायचा, मशीनला हृदय प्रतिसाद देईल का याचा. दामिनी मॅडम म्हणून होत्या, इको करणाऱ्या डॉक्टरीण, माहेर त्यांचं खान्देशातलं, म्हणून मराठी बोलायच्या. मायला डाव्या कुशीवर झोपवलं, "आजी, श्वास रोखा." आजीला श्वास घेता येत नाही म्हणून आलोय, आणि ह्या म्हणतात रोखा! पडद्यावर ते हृदय… मी पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच एक भिंत आधी दचकत होती आणि दुसरी मागून, गोंधळल्यासारखी. कसंतरीच झालं मला. सत्तर वर्षं जे चाललं त्याला असं अडखळताना बघायचं म्हणजे…

असो. मॅडम मोजतायत, रेघा मारतायत, मी मागं उभा. "चिन्हं चांगली आहेत," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे लागू पडेल! "चिन्हं चांगली आहेत म्हटलं मी." हो, म्हणजे पडेल! "दादा, असं बघा, हेच मी मोजलं तर एक आकडा येतो, दुसऱ्यानं मोजलं तर दुसरा. खरं तर मशीन बसवायचं का, हे ईसीजीवरून आणि पंपिंगवरून ठरतं. या बारीक इकोवरून कोणाला प्रतिसाद मिळेल हे पक्कं…" मी म्हटलं, मॅडम, म्हणू नका, पाया पडतो, ते वाक्य म्हणू नका!

"…सांगता येत नाही."

"मग केली कशाला इको?"

"तुम्हीच म्हणालात ना, आधी कळलं पाहिजे?"

घ्या! आता बोला! मीच मागितलं होतं की हो!

माय अजून कुशीवरच होती. ती एकदम म्हणते, "पोरी, हाई दांडी फिराईसन तू काय करी ऱ्हायनी?" मॅडम म्हणाल्या, "आजी, याच्यातून आवाज आत सोडते. आपल्याला ऐकू येत नाही असा. तो आत आपटून परत येतो, त्याचं चित्र दिसतं." माय म्हणाली, "म्हंजे तू हाक मारस आनि ओ येस का ते देखस." मॅडम हसल्या. "हो आजी, अगदी तसंच." "कितली येळा मारस?" "एका सेकंदात हजारो वेळा." "मंग त्यान्हामा काय मोठं?" माय म्हणाली. "हजार येळा हाक मारावर कोन बी ओ दी!"

मॅडमच्या हातातली दांडी हसून हसून घसरली. पण मला हसू येईना. मी म्हटलं, "माय, मस्करी नको. ते मशीन रोज हाक मारणार, तुझं काळीज ओ देईल का, एवढंच मला कळू दे, मग बसवू. नाहीतर कशाला तुझी चिरफाड?" ती उठून बसली. पदरानं तो चीक पुसला. आणि म्हणाली, "हेमकांत, हाक मारनारानी हाक मारानी. ओ देनं का नही, हाई ज्यान्हं त्यान्हं. तू धाकला व्हता, केयन्या बागमा खेये, तव्हय मी काय खात्री करीसन तुले हाक मारू का? मारू ते मारूच. बसाडी टाक ते मशीन."

झालं. इतके महिने मी डॉक्टरांच्या मागं फिरत होतो खात्रीसाठी, आणि जिच्या छातीचा प्रश्न होता तिनं एकदाही खात्री मागितली नव्हती. रडू आलं मला तिथं, खोटं कशाला सांगू. खोलीच्या बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून रडलो, तर सुरतेलाही इको करून आलेला काका पाठीवर हात ठेवून म्हणतो, "रडू नको रे. इको बाहेर उभी शे, आपुन निघूत." त्याला वाटलं मी गाडी चुकली म्हणून रडतोय!

मशीन बसवलं. इथं, डाव्या खांद्याच्या खाली, काडेपेटीएवढं उंच दिसतं. गावातल्या बाया येऊन बोट लावून बघून गेल्या. आणि मग सुरू झालं तुमच्यासारख्यांचं… रागावू नका… येणारा प्रत्येक जण, "काय, लागू पडलं का?" तपासणीला गेलो, इको केली. सत्तावीस. एक टक्का! डॉक्टर म्हणे, वेळ द्या. वेळ दिला. परत इको. सत्तावीस. हृदय तेवढंच मोठं. डॉक्टरनं चष्मा काढला, की मला कळलंच. "कधी कधी उशिरा प्रतिसाद येतो. कधी कधी येतच नाही. अशा पेशंटला आम्ही नॉन-रिस्पॉन्डर म्हणतो." म्हणजे ओ न देणारी! माझ्या मायला सत्तर वर्षांत तिच्या लोकांनी जे म्हटलं, ते यांनी इंग्रजीत म्हटलं! आणि मायला विचारलं, "आजी, फरक वाटतो का?" माय म्हणे, "तसंच शे." तिला काहीही विचारा, तसंच शे! पुरणपोळी कशी झाली? तसंच शे. नातीला पोरगा झाला, कसं वाटतं? तसंच शे. डॉक्टरनं लिहून घेतलं: तसंच आहे. आता मी काय करू? भांडू?

मी घरी आलो आणि सरळ बागेत जाऊन बसलो. मनात म्हटलं, झालं, तिघांतली ती एक, ती आपलीच निघाली. शेठ बरा झाला असेल, खापरची बाई बाजार करत असेल. पाणी चालू होतं, ते एका वाफ्यातून फुटून दुसरीकडं चाललेलं, मी उठलोसुद्धा नाही. बसलोय. आणि…

"हेमकाऽऽन्त!"

मी म्हटलं, भास झाला. होतो माणसाला, डोकं तापलेलं असलं की. कापूस वेचणाऱ्या बाया होत्या पलीकडं, त्यांनी मान वर केली. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं? धाब्यावरून? धाब्यावर जायला चौदा पायऱ्या आहेत आमच्या, ती दोन वर्षांत चढली नव्हती! मी उभा राहिलो. ओठांवर ओ आलेली, पण दिली नाही. सवय म्हणा, भीती म्हणा. पहिली कोणाचीही असू शकते.

"हेमकाऽऽऽन्त!"

ही दुसरी. वाटलं, आता गप्प झाली तर? दोनदाच मारते ती नदी असते… मी त्या वाफ्यात गुडघाभर चिखलात, हात जोडून उभा, मनात म्हणतोय, माय, अजून एकदा. एकदाच.

"हेऽऽमकाऽऽऽऽन्त!"

"ओऽऽऽऽऽ!" अहो, मी जी ओ दिली! तो दुसरा हेमकांतसुद्धा घरातून बाहेर आला! धावत सुटलो, चप्पल चिखलातच. घरी पोचलो तर ही धाब्यावर, कमरेवर हात, पदर वाऱ्यावर, आणि माझ्यावर डाफरतेय, "बहिरा व्हई गया का रे? कव्हयनी बोंबली ऱ्हायनू! तीन येळा हाक मारी, तीन! दम लागी गया माले!"

दम लागला! तीन हाका मारून! जिला न्हाणीघरापासून चुलीपर्यंत लागत होता! मी तिथंच अंगणात बसकण मारली, हसतोय की रडतोय ते कामिनीला कळेना. आणि हाक कशासाठी मारली होती, माहितीये? पापडाचा डबा वर कुठं लपवला ते विचारायला!

मग परवा परत सुरतेला गेलो, परत इको. आता तरी चाळीस, पन्नास… कमीत कमी पास! किती निघाली असेल?… अठ्ठावीस! जिथून निघालो तिथंच! मॅडमनी दोनदा मोजलं. डॉक्टर म्हणे, "इकोत तर काही दिसत नाही." मी म्हटलं, साहेब, ती जिना चढते! तर तो म्हणे, "हो, असंही होतं. इको एक सांगते, माणूस दुसरं सांगतो. कोण खरं…" मी हात वर केला, म्हटलं, बस, मला माहितीये, कहेवाय नहीं!…

(बाहेरून लांबून: "हेमकाऽऽन्त!")

…ऐकलंत? नाही, बसा, बसा तुम्ही. ही पहिली. तर काय सांगत होतो, तो कागद भरायचा असतो ना त्यांना, त्यासाठी डॉक्टरनं मायला विचारलं, "आजी, फरक?" माय म्हणाली…

("हेमकाऽऽऽन्त!")

…दुसरी. माय म्हणाली, "तसंच शे." मग डॉक्टर माझ्याकडं वळला, म्हणाला, "हेमकांतभाई, तुम्ही सांगा, घरी कसं आहे? प्रतिसाद आहे का?" मी म्हटलं, आहे ना साहेब! सकाळी उठल्यापासून आहे! चहा कुठं, हेमकांत! शेंगा कुठं, हेमकांत! तो उखा कुठं मेला, हेमकांत! प्रतिसाद भरपूर आहे, लिहा तुमच्या कागदावर… फक्त आईचं नाव खोडा आणि माझं घाला, कारण तो दिवसभर मीच देतोय!

("हेऽऽमकाऽऽऽऽन्त!")

ओऽऽऽ! उनू, माय, उनू!… चहा संपवा तुम्ही.